नागपूर ते ग्रँड बेट : बुडालेल्या जहाजाची फोटोंनी मोजणी

उमरेड-सावनेरकडच्या खाणींवर ड्रोन उडवून कोळशाच्या ढिगाचं आकारमान काढणारी मंडळी नागपुरात बरीच आहेत. त्यांच्या संगणकावर जे सॉफ्टवेअर असतं, तेच समुद्रतळावरच्या जहाजासाठीही चालतं. अनेक जागांवरून काढलेल्या फोटोंमधले समान बिंदू ओळखायचे, त्यावरून प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे होता ते काढायचं आणि मग त्या बिंदूंमधून वस्तूचा त्रिमितीय आकार उभा करायचा. फोटोग्रामेट्री ती हीच. फरक पडतो तो पाण्याने. खाली जीपीएस चालत नाही, लाल रंग उरत नाही, कॅमेऱ्यापुढची काच प्रकाश वाकवते आणि हाताशी वेळ असतो टाकीतल्या हवेइतकाच. जानेवारीतली ही गोव्याची फेरी होती सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या आणि डायव्हिंगचं प्रमाणपत्र असलेल्या चौघांची.

शनिवार : नागपूर, जलतरण तलावाचं खोल टोक

तलावात सराव न करता थेट समुद्रात कॅमेरा उतरवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तलावाची अडचण मात्र वेगळीच असते. तळाच्या फरशा एकसारख्या असल्यामुळे सॉफ्टवेअर एका फरशीला दुसरी समजतं, फोटोंच्या रांगा एकमेकींवर घसरतात आणि पंचवीस मीटरचा तलाव पंधराचा होतो. यावर नागपुरी उतारा म्हणजे जुने फ्लेक्स. निवडणुका आणि वाढदिवस यांच्या कृपेने ते कधी कमी पडत नाहीत. पुढाऱ्यांचे चेहरे, अक्षरं, रंग असं सगळं ठासून भरलेलं असल्यामुळे समान बिंदू भरपूर मिळतात. कडा उचलल्या जाऊ नयेत म्हणून दर मीटरला एक वीट ठेवायची. वर घमेलं, सायकलची रिम, फुटका माठ आणि पत्र्याचा डबा ठेवला की सरावापुरतं जहाज तयार.

तलावात चार गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली म्हणजे केसिंग, कॅमेऱ्याची पाणबंद पेटी. पहिली बुडी कॅमेऱ्याविना, आत फक्त टिश्यू पेपर. वीस मिनिटं तळाला ठेवून वर आणायचं. कागद कोरडा असेल तरच कॅमेरा आत जातो. गळतीचं कारण बहुतेक वेळा ओ-रिंगवरचा, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावरचा, एक केस किंवा वाळूचा एक कण असतं. सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. जास्त लावलं तर तेच धूळ धरून ठेवतं.

दुसरी म्हणजे काच. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते, फोटोची चौकट आकसते आणि कडेला प्रतिमा ताणली जाते. डोम पोर्ट, म्हणजे अर्धगोल काच, असेल तर रुंद लेन्सचा कोन बराचसा टिकतो. गढूळ पाण्यात जवळून फोटो काढावे लागतात, म्हणून रुंद कोन हवाच, म्हणून डोमवर खर्च करावा. कॅमेऱ्यावर दोन हजार कमी घालवले तरी चालतील.

तिसरी म्हणजे सेटिंग. शटर १/२०० सेकंद, छिद्र एफ/८, आयएसओ ऑटो पण कमाल १६००. फोकस पाण्यात, ठरलेल्या अंतरावर एकदा जुळवून लॉक करायचा. झूम आणि फोकस मध्येच हलला तर लेन्सचं गणित बदलतं आणि सॉफ्टवेअर चकतं. ॲक्शन कॅमेरा वापरत असाल तर त्यातलं स्टॅबिलायझेशन आठवणीने बंद करा. फोटो स्थिर दिसावा म्हणून ते प्रत्येक चौकट वेगवेगळी कापतं, आणि मोजणीसाठी याहून वाईट काही नाही. हवेत बुद्धिबळाच्या पटाचे फोटो काढून केलेलं कॅलिब्रेशनही (लेन्सचं गणित बसवणं) पाण्याखाली निरुपयोगी ठरतं. तलावातलंसुद्धा समुद्रात जसंच्या तसं लागू होत नाही, कारण खाऱ्या पाण्याचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो. कॅलिब्रेशन प्रत्यक्ष जागेवरच्या फोटोंमधूनच निघू द्यावं.

चौथी म्हणजे पाय. एरवी पोहताना मारतात तशी वरखाली लाथ मारली की तळाचा गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. बेडकासारखी आडवी लाथ आणि अंगाचं वजन पाण्याशी अचूक तोललेलं, हे जमेपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नये. चांगला छायाचित्रकार आणि कच्चा पाणबुड्या या जोडीपेक्षा उलटी जोडी कितीतरी बरी.

मापपट्ट्यांबद्दल थोडं सविस्तर. फोटोंवरून आकार कळतो, पण माप कळत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी जहाज वीस मीटरचं आणि वीस सेंटिमीटरचं सारखंच. म्हणून ज्ञात लांबीच्या पट्ट्या चौकटीत हव्यात. ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड अॅल्युमिनियमची पट्टी घ्यावी, तिच्या दोन टोकांना सॉफ्टवेअरमधूनच छापलेले सांकेतिक गोल चिकटवावेत आणि दोन्ही केंद्रांमधलं अंतर बरोबर ५०० मिमी ठेवावं. अशा चार पट्ट्या केल्या. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण ते वाकतं. गोल मॅट विनाइलवर छापावेत, चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडला की नुसता पांढरा डाग दिसतो. नागपूरच्या बारा अंशांत मोजलेली पट्टी सत्तावीस अंशांच्या समुद्रात पाव मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, तेव्हा त्याची चिंता नको.

रविवार-सोमवार : रेल्वे, मग पणजी

प्रवासात सांगण्यासारखं फारसं काही नाही. लिथियमच्या बॅटऱ्या आणि डोम हातातल्या पिशवीत, पट्ट्या गादीच्या सुरळीत, आणि संत्र्यांची एक पेटी सोबत. ही पेटी होडीवर कामाला आली. समुद्र लागल्यावर पोटात दुसरं काही ठरत नाही. निघण्याच्या सकाळी तर्री पोहे खायचा मोह आवरावा असं नाही, पण होडीच्या सकाळी मात्र तेलकट-तिखट वर्ज्य. रिकामं पोटही तितकंच वाईट.

गोवाच का? कारण या किनाऱ्यावरच्या जहाजांचा अभ्यास आधीच झाला आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, १९९७ पासून शोध घेतला. उथळ पाण्यात, खडकांच्या फटींत त्यांना लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात मिळाले. सतराव्या शतकातलं पोर्तुगीज व्यापारी जहाज, असा त्यांचा निष्कर्ष. सेंट जॉर्ज रीफवरचा माल अगदीच निराळा. कौलं, कोन्याची कौलं, धुराड्याच्या विटा, भाजलेल्या मातीचे खांबांचे भाग. त्यांवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कौल-कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा आहे. मंगळूरचा तो कारखाना त्याच साली सुरू झाला. म्हणजे हा आकडा जहाज बुडाल्याचं साल सांगत नाही, ते त्याआधी बुडालेलं नाही एवढंच सांगतो. चित्रण करणाऱ्याने यातून घ्यायचं ते असं की झिजलेला ठसा दिसला तर दिवा समोरून मारू नये. ठशाच्या पातळीला जवळजवळ समांतर, एका बाजूने झोत टाकावा, मग चारही बाजूंनी तसंच करावं. सावल्या अक्षरं उघडी करतात, समोरचा उजेड ती पुसून टाकतो.

सुंचीसारख्या जागांवर आपण उठून जायचं नसतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि तळावरून साधा खापराचा तुकडासुद्धा उचलणं म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने नासधूस. होडीमागे सोनार (आवाजाच्या परताव्यावरून तळ पाहणारं यंत्र) ओढत सर्वेक्षण करायचं तर परवानग्यांचं प्रकरण आणखी मोठं, त्यात बाजूला नौदलाचा तळ. नवशिक्यांनी पर्यटक-पाणबुडे जिथे रोज जातात अशी जागा धरावी. ग्रँड बेटाच्या आसपास डायव्हिंगवाले ज्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात ते लोखंडी जहाजाचे अवशेष त्यासाठी ठीक आहेत. डायव्हिंग केंद्राला आधीच सांगून ठेवावं की आपल्याला मासे पाहायचे नाहीत, एकाच जागी चाळीस मिनिटं घिरट्या घालायच्या आहेत. नाहीतर खाली गाईड बिचारा दुसरीकडे चला म्हणून खुणा करत राहतो.

संध्याकाळी पोई या गोव्याच्या पावाबरोबर बांगड्याचं आमसुलं घातलेलं कालवण. सावजीवर वाढलेल्या जिभेला ते आधी मवाळ वाटतं, तिसऱ्या घासाला कळतं.

मंगळवार : पहिली बुडी, फक्त पाहण्यासाठी

होडीचा तांडेल साठीच्या पुढचा, सडपातळ, बोलणं कमी. जीपीएस त्याच्याकडे होतं, पण ते त्याने फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. बेटावरचा एक सुळका आणि मागच्या डोंगरावरचं एक झाड एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला कडा आणि दूरचा मनोरा एका रेषेत आणायचा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे इंजिन बंद. “काका, इथंच कशावरून?” असं विचारल्यावर तो नुसता हसला. आमच्या हातातल्या जीपीएसवरचा बिंदू तिथून दहा-बारा मीटर बाजूला होता, आणि खाली उतरल्यावर जहाज काकांच्या बाजूने निघालं. हातातलं साधं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतंच, दोन खुणांच्या रेषा तेवढ्या चुकत नाहीत. आपल्या वहीत या खुणा फोटोसह नोंदवून ठेवाव्यात. पुन्हा जाताना त्यांचाच उपयोग होतो.

काकांनी नांगर जहाजापासून लांब, वाळूत टाकला. हे आपणही बघून घ्यावं. गंजलेल्या पत्र्यावर चुना, शिंपले आणि गंज मिळून जाड कवच बनलेलं असतं. नांगर लागून ते फुटलं की आतलं लोखंड पुन्हा झपाट्याने गंजायला लागतं.

पहिल्या बुडीत मोठा कॅमेरा नेला नाही. कामं ठरलेली होती. आधी दृश्यता. काळा-पांढरा चौकोन एकाने धरायचा, दुसऱ्याने टेपचं टोक घेऊन मागे सरकत जायचं, चौकोन दिसेनासा झाला ते अंतर वाचायचं. जेमतेम पाच मीटर भरलं. फोटो काढायचं अंतर दृश्यतेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नये, म्हणून दीड मीटर ठरलं. परदेशातल्या स्वच्छ पाण्याच्या सूचना वाचून चार-पाच मीटरवरून फोटो काढले, तर या किनाऱ्यावर हिरव्या धुक्याशिवाय काही मिळत नाही. जवळ जायचं आणि तुकडा लहान घ्यायचा, इथे दुसरा मार्ग नाही.

तुकडा निवडला २० मीटर बाय ८ मीटरचा, आठ मीटर खोलीवर. त्यात फासळ्यांची एक रांग, उलथलेला पत्र्याचा मोठा भाग आणि बहुधा नळ्यांचा गुंता. चार कोपऱ्यांना शिशाची वजनं आणि त्यांवर क्रमांकाचे गोल. खिळे, खुंट्या काहीही ठोकायचं नाही. चार बिंदू म्हणजे त्यांच्यातली सहा अंतरं. सहाही टेपने मोजून पाटीवर लिहायची. दोन कर्ण घेतले नाहीत तर चौकोन तिरका झालेला कळतच नाही. मग डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येक बिंदूवर टेकवून खोली वाचायची, आणि चारही वाचनं पाच मिनिटांच्या आत उरकायची. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहज मीटरभर बदलते. सकाळचं एक आणि दुपारचं एक वाचन मिसळलं की सपाट तळ उताराचा होतो.

वर आल्यावर काकांनी पाण्याकडे पाहून म्हटलं, “फाल्यां वारें येतलें.” उद्या वारा येणार.

बुधवार : वारा

आला. होडी निघाली नाही, आणि केंद्राने पैसे पुढच्या दिवसावर वळते केले. गोव्यात काम ठरवताना हवामानासाठी एक मोकळा दिवस राखूनच तिकिटं काढावीत.

मांडवीच्या काठी रेईस मागोसच्या किल्ल्यात जुन्या तोफा आहेत. एका तोफेवर जमिनीवरच सराव केला. तोफेभोवती दोन उंचीवर दोन फेऱ्या, दर दहा अंशाला एक फोटो, मग तोंडाचे आणि खालच्या बाजूचे जवळून. खालची बाजू नेहमी राहून जाते आणि मॉडेलमध्ये तिथे भोक पडतं. पाण्यात फासळ्यांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. वरून दिसलेली प्रत्येक फासळी खालून पोकळ येते. उपाय एकच, कॅमेरा ४५ अंशांत कलता धरून कडेने एक वेगळी फेरी.

दुपारी जेवताना टायटॅनिकचा विषय निघाला, तो निघतोच. २०२२ साली मॅगेलन या कंपनीच्या यंत्रांनी सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सात लाखांहून जास्त फोटो काढून पूर्ण जहाजाचं मॉडेल केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात ध्रुवीय प्रवासी शॅकल्टनचं एंड्युरन्स हे जहाज ३,००८ मीटरवर सापडलं आणि त्याचंही तसंच चित्रण झालं. ही उदाहरणं प्रेरणेला चांगली, शिकायला घातक. तिथे तळाला मिट्ट काळोख, पाणी तुलनेने स्वच्छ, दिवे आपले आणि यंत्राला दम लागत नाही. आठ मीटरवर ऊन तळापर्यंत पोचतं आणि लाटांमधून वाकून प्रकाशाची हलती जाळी पसरवतं. प्रत्येक फोटोत ती जाळी वेगळ्या जागी असते. सॉफ्टवेअर तिलाच वस्तू समजून जुळवत बसतं. त्यामुळे उथळ पाण्यातलं काम एका अर्थाने खोल पाण्याहून अवघड. सूर्य खाली असताना, सकाळी नऊच्या आत किंवा ढगाळ हवेत फोटो काढावेत.

सोनारचंही थोडं सांगतो, कारण ‘त्यानेच का नाही?’ हे सगळे विचारतात. साइड-स्कॅन सोनार होडीमागे ओढतात. ते आवाजाच्या परताव्यावरून तळाचं चित्र काढतं, आणि त्याला गढूळ पाण्याची फिकीर नसते. वस्तूची उंची सावलीवरून काढतात. सावलीची लांबी गुणिले यंत्राची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. सावली ६ मीटर, उंची ५ मीटर, अंतर ३० मीटर असेल तर वस्तू १ मीटर उंच. चौरस किलोमीटरमधून जहाज हुडकायला सोनार, हुडकलेल्या जहाजाची फासळी न् फासळी मोजायला फोटो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी संध्याकाळी सामान धुवायला मोठं पातेलं दिलं, आणि त्यात पुन्हा भात शिजणार आहे हे दोनदा बजावलं. समुद्राचं पाणी सुकायच्या आत केसिंग गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच सगळी बटणं दाबायची. बटणाखालचं मीठ नुसत्या ओतलेल्या पाण्याने निघत नाही.

गुरुवार : मोजणी

पहाटे केसिंग बंद केलं ते पंखा लावून, एसी बंद ठेवून. एसीच्या थंड खोलीत बंद केलेला कॅमेरा बाहेरच्या दमट उबेत आला, की बाहेरून काच धुकट होते. गरम डेकवर झाकण उघडलं तर दमट हवा आत कोंडली जाते आणि थंड पाण्यात उतरताच डोम आतून धुकट. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि होडीवर झाकण उघडूच नये. बॅटरी आणि कार्ड दोन बुड्यांना पुरतील असेच घ्यावेत.

सकाळी काका म्हणाले, “उदक आयज मात्शें बुरशें आसा.” पाणी आज थोडं गढूळ आहे. टेपने मोजलं तर दृश्यता चार मीटरच्या जरा वर. अंतर सव्वा मीटरवर आणायचं की दीडच ठेवायचं यावर होडीत वाद झाला. दीड ठेवलं, पण ते कमाल म्हणून.

हिशेब असा होता. लेन्सचा आडवा कोन पाण्यात ९० अंश. दीड मीटरवरून फोटोची रुंदी ३ मीटर, उंची सव्वादोन. फोटो ४,००० पिक्सेल रुंद, म्हणजे एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा. शेजारच्या ओळींमध्ये ६० टक्के ओव्हरलॅप (दोन्हींत येणारा सामाईक भाग) हवा, तर ओळीतलं अंतर १.२ मीटर. आठ मीटर रुंदीसाठी २० मीटरच्या ८ ओळी. त्यांवर आडव्या, ८ मीटरच्या १८ ओळी. एकूण ३०४ मीटर. पोहण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर आणि दर सेकंदाला एक फोटो, म्हणजे १७ मिनिटं आणि हजारभर फोटो. पुढे-मागे ओव्हरलॅप ८७ टक्के पडतो, तो जास्त वाटेल, पण गढूळ पाण्यात पाचातला एक फोटो टाकून द्यावा लागतो. कडेची तिरकी फेरी ५६ मीटर, तीन मिनिटं. वळणं धरून पंचवीस मिनिटं. अकरा लिटरची टाकी २०० बार दाबाला भरलेली, आठ मीटरवर शांत पोहणाऱ्याला ५० बार राखून पन्नास मिनिटं पुरते. म्हणजे वेळ आहे, पण चैनीला नाही.

आडव्या ओळी आणि तिरकी फेरी वगळण्याचा मोह फार होतो, कारण हवा संपत येते. वगळल्या की तळाचं मॉडेल वाटीसारखं वाकतं. सगळे फोटो सरळ खाली आणि एकाच दिशेने असले तर लेन्सची वक्रता आणि तळाची वक्रता सॉफ्टवेअरला वेगळी करता येत नाही. काही फोटो कॅमेरा ९० अंश फिरवून, उभा धरून घेतले तर हा दोष आणखी कमी होतो.

उतरल्यावर पहिला फोटो राखाडी कार्डाचा. पाच मीटरखाली लाल रंग जवळजवळ संपलेला असतो, तो नंतर परत आणायला हा संदर्भ लागतो. फ्लॅश दर सेकंदाला पुरेशा ताकदीने पेटत नाही, म्हणून व्हिडिओचे दोन सलग दिवे, हातभर लांब दांड्यांवर, थोडे बाहेरच्या बाजूला वळवलेले. लेन्सजवळ दिवा ठेवला तर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडतो.

मोजपट्ट्या तीन कडांना आणि एक मधोमध. जोडीतला दुसरा पाणबुड्या ओळीच्या टोकाला दोरी सरकवत राहतो. दोरीशिवाय सरळ पोहतो असं म्हणणाऱ्याने पहिल्या ओळीनंतर मागे वळून पाहावं.

चौथ्या ओळीवर करकऱ्यांसारख्या चंदेरी माशांचा थवा फासळ्यांत घुसला आणि हलेना. दिव्याला ते हटत नाहीत, उलट जवळ येतात. त्या ओळीचे फोटो शेवटी पुन्हा घेतले. तेवढा वेळ हातात होता, कारण टेपची कामं मंगळवारीच उरकली होती.

कार्डावरचे फोटो त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवले. मग फोटो निम्म्या आकाराचे करून लॅपटॉपवर घाईचं मॉडेल. अर्ध्या तासात भोक कुठे आहे ते दिसतं, आणि दुसऱ्या सकाळी जाऊन ते भरता येतं. नागपूरला पोचल्यावर दिसलेल्या भोकाचा उपयोग नाही.

शुक्रवार : कोरडा दिवस

सकाळी फक्त उरलेला एक कोपरा, मग सामान सुकवणं. लागोपाठ बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. रेल्वेने जाणाऱ्यांना हे लागू नाही असं वाटतं, पण गाडी इगतपुरीला सुमारे ६०० मीटर उंचीवर चढते, आणि उंचीचे नियम तिथूनच लागू होतात. दुपारी शेवटची बुडी आणि लगेच गाडी, असं करू नये.

परत नागपूर : संगणकासमोर

३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड एवढं पुरतं. फोटोग्रामेट्रीच्या सॉफ्टवेअरपैकी मेटाशेप विकत घ्यावं लागतं. मेशरूम आणि कोलमॅप फुकट आहेत, फक्त धीर जास्त लागतो. जानेवारीत खोली थंड असते म्हणून काम रात्रभर चालू देता आलं. हेच मेमध्ये कराल तर कार्ड तापून वेग अर्ध्यावर येतो. तेव्हा रात्रीच लावा, आणि कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर सोडू नका.

क्रम असा. आधी सॉफ्टवेअरच्या स्पष्टतेच्या गुणांकनात ०.५ च्या खाली गेलेले फोटो काढून टाकायचे. मासे, पाणबुडे, बुडबुडे यांच्यावर मास्क, म्हणजे तेवढा भाग झाकून जुळवणीतून वगळायचा. फोटो जुळवणी, प्रत्येक फोटोला ४०,००० कीपॉइंट (जुळवणीसाठी निवडलेले ठळक बिंदू). विरळ बिंदूंमधले चुकार बिंदू थोडे-थोडे करून काढायचे आणि दर वेळी लेन्सचं गणित पुन्हा सोडवायचं. एकदम निम्मे उडवले तर फोटो सुटे पडतात. मग तीन पट्ट्यांनी माप द्यायचं आणि चौथी तपासणीसाठी बाजूला ठेवायची. चारही पट्ट्या माप द्यायला वापरल्या तर चूक किती ते सांगायला कोणीच उरत नाही.

चौथी पट्टी तीन मिलिमीटरच्या आत बसली. टेपच्या सहा अंतरांशी तुलना केली तर फरक एक-दोन सेंटिमीटरचा. यात खोटा टेप आहे, मॉडेल नव्हे. प्रवाहात फायबरचा टेप धनुष्यासारखा फुगतो आणि ताणला की लांबतोही. तरी टेपची कामं सोडू नयेत, कारण मॉडेल वीस सेंटिमीटरने चुकलं असतं तर ते टेपनेच सांगितलं असतं. उंचीसाठी चार बिंदूंच्या खोल्या घातल्यावर तळाचा उतार समुद्राकडे एक अंशाहून थोडा जास्त आला, आणि वाटी दिसली नाही.

उलथलेल्या पत्र्याखालचा भाग काळाच राहिला. तिथे कॅमेरा घालता येतो, पण माणूस घालू नये. छोटा कॅमेरा काठीवर बांधून बाहेरून आत सारायचा आणि काठी हळूहळू फिरवायची, हाच त्यावर इलाज.

मॉडेल कोणाला देताना अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. फोटोंच्या फाईलमध्येही ते लपलेले असतात, होडीवर फोनने काढलेल्या फोटोंमध्ये तर हमखास. मूळ फोटो, पाटीवरच्या नोंदी आणि पट्ट्यांची मापं एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत, कारण दहा वर्षांनी सॉफ्टवेअर बदललेलं असेल, फोटो तेच असतील.

पुढच्या डिसेंबरात, पावसाळा उलटल्यावर त्याच चार बिंदूंभोवती पुन्हा मोजणी करायची. दोन्ही मॉडेलं क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर बसवली की वाळू कुठे चढली, कुठला पत्रा खचला ते रंगांत दिसतं. दोन सेंटिमीटरच्या आतल्या फरकावर विश्वास ठेवायचा नाही.